दीडासाठी चाळीस

पप्पांचा आवाज मोठा होता. शाळेच्या मैदानाच्या या टोकाला उभे राहून ते "ए निळ्या बनियनवाल्या!" म्हणाले की त्या टोकाचा निळा बनियनवाला थांबायचाच, पण कुंपणाबाहेरून चाललेला एखादा सायकलवालाही ब्रेक दाबायचा. ते खेळाचे शिक्षक होते. सामन्यांचा हंगाम आला की पेठांच्या फुटबॉलचं समालोचन करायचे. तेव्हा माइक असायचा, पण तो त्यांच्यासाठी नाही, नियम म्हणून असायचा.

घरात आम्ही तिघं, आणि बोलणारे ते एकटे. मम्मी ऐकायची. मी ऐकल्यासारखं करायचे. मला इंग्रजी शाळेत घालायचा हट्ट त्यांचाच होता. शाळेत मराठी बोललेलं चालत नसे, घरी इंग्रजी बोललं की पप्पा हसायचे, आणि या दोन्हींच्या मध्ये मला बोलायची सवयच राहिली नाही. आता मी घरी बसून एका पुण्याच्या कंपनीसाठी इंग्रजी मजकूर तपासते. दिवसभरात कुणाशी बोलावं लागत नाही, हे त्या कामाचं मला सगळ्यात आवडणारं अंग.

त्यांचा आवाज बसला तेव्हा हंगाम संपलेला होता, म्हणून कुणाला काही वाटलं नाही. दर वर्षी बसायचा. हळदीचं दूध, मग ज्येष्ठमध, मग शेजारच्यांनी सांगितलेला काढा. पाऊस संपला तरी आवाज आला नाही तेव्हा मम्मीने त्यांना ओढत नेलं. स्वरयंत्राचा कॅन्सर होता.

डॉक्टर तरुण होते. त्यांनी कागदावर गळ्याचं चित्र काढून दाखवलं. "लवकर कळलंय. रेडिएशन घेऊ. सहा-सात आठवडे, आठवड्यातले पाच दिवस. आवाज थोडा बदलेल, पण राहील." दुसरा मार्ग स्वरयंत्र काढून टाकायचा, पण त्याची आत्ता गरज नाही, असंही ते म्हणाले.

"काढून टाका की मग," पप्पा म्हणाले.

"सर, आवाज पूर्ण जाईल."

"जाऊ दे की. एकदाच काय ते हून जाऊ दे. हे रोज रोज यिऊन कोण झोपणार हितं?"

मम्मीने त्यांच्या गुडघ्यावर हात दाबला. डॉक्टर माझ्याकडे बघून हसले, बहुतेक त्यांना वाटलं पप्पा चेष्टा करतायत. पप्पा चेष्टा करत नव्हते. त्यांनी खुर्चीचा हात घट्ट धरलेला मी बघत होते. आवाजावर जगलेला माणूस आवाज द्यायला तयार होता, फक्त त्याला रोज कुणी विचारायला नको होतं.

रेडिएशन सुरू झालं. चेहऱ्याच्या मापाचा जाळीचा एक मुखवटा करतात आणि तो टेबलाला खिळवतात, म्हणजे मान हलत नाही. पहिल्या दिवशी बाहेर आले तेव्हा त्यांच्या कपाळावर जाळीचे चौकोन उमटले होते. रिक्षात बसल्यावर म्हणाले, "उद्या परत हाय म्हणं." जसं काही ते त्यांना आत्ताच कळलं होतं.

पत्त्यांचा अड्डा तालमीच्या मागच्या खोलीत होता. दर शनिवारी, दुपारी, सकाळची शाळा सुटल्यावर. धूळ आणि थंडी टाळायला सांगितल्यामुळे पप्पांचं तिथे जाणं बंद झालं, तेव्हा त्यांचे एक मित्र, बँकेतून निवृत्त झालेले, ज्यांना सगळे मॅनेजर म्हणतात, त्यांनी फोनवरचं पोकरचं ॲप शोधून काढलं. खोट्या चिप्सचं, फुकटचं. स्वतःचं खाजगी टेबल लावता येतं. सहा जण घरोघरी बसून खेळायचे आणि बाजूला व्हॉट्सॲपवर सगळ्यांचा एकत्र कॉल चालू ठेवायचे, कारण शिव्या दिल्याशिवाय पत्ते खेळता येतात हे त्यांच्यातल्या कुणालाच मान्य नव्हतं.

तालमीतला एक नियम मात्र त्यांनी तसाच ठेवला. जो सगळ्यात आधी बाद होईल त्याने संध्याकाळी बाकीच्यांना कट्ट्यावर दूध पाजायचं. संध्याकाळी रस्त्याकडेला म्हशी आणून बांधतात, समोर धार काढतात आणि फेसासकट पेला हातात देतात, तो कट्टा. पप्पा जवळजवळ दर शनिवारी सगळ्यात आधी बाद व्हायचे. बाहेर पडायला बंदी, म्हणून दूध पाजायला मला जावं लागायचं.

त्यांना पोकरचे नियम मीच समजावले. ॲप इंग्रजीत, त्यातल्या सूचना इंग्रजीत, आणि कसं खेळावं यावर लिहिलेलं सगळंही इंग्रजीत. मी ते कामाच्या मजकुरासारखं वाचून काढलं आणि त्यांना मराठीत सांगायला लागले. माझ्या आयुष्यात मी पप्पांशी इतकं बोलले नव्हते. पानं मोठी दिसावीत म्हणून ॲप टॅबवर घातलं होतं; आम्ही दोघं शेजारी बसून त्याकडे बघायचो, एकमेकांकडे नाही, त्यामुळे जमलं असेल.

खेळ सोपा आहे. प्रत्येकाला दोन पानं मिळतात, ती आपली आपल्याला दिसतात. मग मधे सगळ्यांची मिळून पाच पानं उघडतात, पण एकदम नाही. आधी तीन, मग एक, मग शेवटचं एक. प्रत्येक टप्प्याला खेळ थांबतो आणि विचारतो: आता किती लावणार? की सोडणार? स्पर्धेत सगळ्यांना सुरुवातीला सारख्या चिप्स मिळतात, संपल्या की बाहेर. आणि कुणी नुसतं बसून राहू नये म्हणून दर डावाला दोघांना न बघता काहीतरी लावावंच लागतं. त्याला ब्लाइंड म्हणतात. एकाला पूर्ण, एकाला अर्धा. ही पाळी फिरत राहते आणि ब्लाइंड थोड्या थोड्या वेळाने वाढत जातो.

म्हणून चिप्स आकड्याने मोजायच्या नसतात, ब्लाइंडने मोजायच्या असतात. आपल्याकडे किती आहे हे महत्त्वाचं नाही. आहे ते किती पुरेल, हे महत्त्वाचं. सुरुवातीला आमच्या टेबलावर प्रत्येकाकडे चाळीस ब्लाइंड असायचे.

आणि पप्पा काय करायचे, तर पहिलं बऱ्यापैकी पान आलं, एखादा एक्का, एखादी छोटीशी जोडी, की मधलं एकही पान उघडायच्या आत सगळेच्या सगळे चाळीस पुढे ढकलायचे. ऑल-इन. टेबलावर तेव्हा जिंकण्यासारखं असायचं फक्त दीड.

"दीडासाठी चाळीस लावलेत तुम्ही," मी पहिल्यांदा म्हणाले.

"मग? दम हाय का कुणात बघू की."

"पण पप्पा, एवढं मोठं लावल्यावर ज्याची पानं वाईट आहेत तो निघून जाणार. म्हणजे तुम्ही जिंकता तेव्हा दीडच जिंकता. थांबणार कोण, ज्याच्याकडे तुमच्याहून चांगलं आहे तोच. म्हणजे हरता तेव्हा सगळं हरता."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. वर्गात मागच्या बाकावरून उत्तर आल्यावर बघावं तसं.

"इंग्रजीत लिवलंय व्हय असं?"

"हो."

"मग त्यांनी कबनूरला बघितलेला न्हाय."

कबनूर म्हणजे त्यांचे दुसरे मित्र. गाव कबनूर, घरचे यंत्रमाग, म्हणून सगळ्यांनी गावाचंच नाव त्यांना दिलं. आयुष्य मागांच्या आवाजात गेल्यामुळे त्यांना कमी ऐकू येतं आणि ते फोनवर ओरडूनच बोलतात. या दोघांची शाळेपासूनची ईर्षा. पप्पांनी ऑल-इन केलं की मॅनेजर, बाकीचे तिघं, सगळे शहाण्यासारखे पानं टाकून द्यायचे. कबनूरकाका कधीच नाही. हातात दुरी-सत्ती असली तरी नाही.

"मास्तरनं लावलं व्हय?" कॉलवर त्यांचा आवाज फाटायचा. "बघतो की. हाय काय त्यात."

"आरं पानं तरी बघ आधी," मॅनेजर म्हणायचे.

"पानं काय बघायची? मास्तरला बघायचं."

मग मधली पाचही पानं धडाधड उघडायची, कुणालाच काही विचारायचं शिल्लक नसायचं, आणि दोघांपैकी एक संपायचा. का कुणास ठाऊक, बहुतेक वेळा पप्पाच. "दूध मास्तरकडं!" काका ओरडायचे. मी जे वाचलं होतं त्यात भित्रे खेळाडू होते, बेफाम खेळाडू होते, त्यांच्याशी कसं वागायचं ते होतं. केवळ मागे हटल्यासारखं दिसू नये म्हणून दुरी-सत्तीवर बसून राहणाऱ्या माणसाबद्दल काही नव्हतं.

कट्ट्यावर मी पैसे देऊन बाजूला उभी राहायचे. काका मला दुरून हाक मारायचे. "ए इंग्लिश मिडियम! पी की एक पेला."

"नको काका."

"नको काय? बापाच्या हरण्याचं दूध हाय. ग्वाड लागतंय."

आजूबाजूचे हसायचे. मी चपलेच्या पट्ट्याकडे बघत उभी राहायचे. कधी एकदा घरी जाते असं व्हायचं.

एकदा मी पप्पांना विचारलं, तुम्ही थोडं थोडं का लावत नाही? मला वाटलं ते दम, ईर्षा असलं काही म्हणतील. त्यांनी पाण्याची बाटली उघडली. तोंड कोरडं पडायचं त्यांचं, मधे मधे पाण्याचा घोट घ्यावा लागायचा.

"तीन पानं उघडली की इचारतंय, काय करू? काहीतरी सांगायचं. मग आनी एक पान. परत इचारतंय. परत एक." त्यांनी बाटलीचं झाकण लावलं. "डोस्कं उठतंय गं. सगळं लावलं की कुणी इचारत न्हाय."

मला ते कळलं. मला तर त्यांच्याहून जास्त कळलं असेल. कॉलेजात कुणी ओळख काढायला आलं की मी अशी काही मान हलवायचे की दुसरा प्रश्न यायचाच नाही. पण ते मी त्यांना सांगितलं नाही.

रेडिएशन अर्ध्यावर आलं असेल. एका सोमवारी ते उठले, अंघोळ केली, आणि परत पायजमाच घालून बसले. मम्मी म्हणाली, रिक्षा येईल. ते म्हणाले, येऊ दे. रिक्षा आली, हॉर्न वाजवून गेली. मंगळवारी तसंच. गळ्याची कातडी काळी पडून सोलायला लागली होती, गिळताना डोळ्यांत पाणी यायचं, पण ते कारण त्यांनी एकदाही सांगितलं नाही. "न्हाय जाणार" एवढंच. हॉस्पिटलमधून फोन आला, मधे थांबलात तर आधीचंही वाया जाईल. मॅनेजर घरी येऊन बसून गेले. मम्मी रात्री स्वयंपाकघरात भांडी घासताना रडायची, नळ सोडून, म्हणजे ऐकू जाणार नाही. आम्हा दोघांनाही ऐकू यायचं.

शनिवारी टेबल लागलं. थोड्या वेळाने त्यांना राण्यांची जोडी आली. एवढं चांगलं पान त्यांना कित्येक आठवड्यांत आलं नव्हतं. त्यांचं बोट ऑल-इनच्या बटणाकडे गेलं आणि मी टॅबवर हात ठेवला. असं मी कधी केलं नव्हतं.

"थोडंच लावा," मी म्हणाले. "तीन ब्लाइंड. माझ्यासाठी."

त्यांनी तीन लावले. बाकीच्यांनी पानं टाकली, काका तेवढेच लावून बसले. तीन पानं उघडली. खेळाने विचारलं. पप्पांनी माझ्याकडे बघितलं, मी चार बोटं दाखवली. त्यांनी चार लावले.

"मास्तर भ्यालाय रं!" काका ओरडले. "आज चार-चारच टाकतोय. मी बसणार."

आणखी एक पान. मी बोटं दाखवली. काका बसले. शेवटचं पान. आता मी काही दाखवलं नाही. पप्पांनी स्वतःच बारा लावले आणि काका त्यालाही बसले. पानं उघडी झाली. काकांच्या हातात काहीच नव्हतं.

"आयला," काका म्हणाले. आणि मग, पहिल्यांदाच हळू आवाजात, "मास्तर, शिकलास की तू."

पप्पा हसत नव्हते. चिप्सचा ढीग आपल्या बाजूला सरकताना बघत होते. मी म्हणाले, "सोमवारी मी येते बरोबर. त्या खोलीच्या दारापर्यंत येते. रोज येते."

सोमवारी रिक्षाचा हॉर्न वाजला तेव्हा त्यांच्या अंगात पँट-शर्ट होता.

रेडिएशन पूर्ण झालं. आवाज परत आला, थोडा घोगरा, पण आला. काही महिने बरे गेले. एका सामन्यात त्यांनी अर्धा वेळ समालोचन केलं, आणि मी आयुष्यात पहिल्यांदा ते ऐकायला मैदानावर गेले. पत्त्यांत ते पुन्हा जुन्यासारखे खेळायला लागले. मी पुन्हा टॅबवर हात ठेवला नाही.

मग मानेवर एक गाठ आली.

तेच डॉक्टर. या वेळी त्यांनी चित्र काढलं नाही. परत रेडिएशन देता येत नाही, म्हणाले. दोन मार्ग. एक, केमो, दर तीन आठवड्यांनी. त्याने आजार बरा होणार नाही, पण काही काळ धरून ठेवता येईल. काही महिने, कदाचित जास्त. दोन, मोठं ऑपरेशन. स्वरयंत्र, गाठी, सगळं काढायचं. जमलं तर खरंच सुटका आहे. जमेलच असं सांगता येत नाही.

"शक्यता किती?" मम्मीने विचारलं.

डॉक्टरांनी पेनाचं टोपण काढलं, लावलं. "कमी आहे. पण आहे. ठरवायला फार वेळ मात्र नाही."

घरी आलो. जेवताना मम्मी म्हणाली, "आहे तेवढं राहू दे. कापाकापी नको." पप्पांनी ताटावरून मान वर केली नाही. मलाही मनातून तेच हवं होतं. महिने म्हणजे शनिवार. मी तसा हिशेब करून बघितला होता आणि मला तो बरा वाटला होता.

जेवण झाल्यावर ते माझ्या खोलीच्या दारात आले. माझ्या खोलीत ते सहसा यायचे नाहीत. आवाज पुन्हा बसला होता, नुसती हवा यायची.

"मला एक सांग. किती हाइत माझं?"

"काय?"

"ब्लाइंड."

मी लॅपटॉप मिटला. मीच त्यांना हे शिकवलं होतं. चाळीस असताना सगळं ढकलणं ही चूक. पण ब्लाइंड वाढत जातात, बसल्या बसल्या आपल्याकडचं खात जातात, आणि दहाच्या खाली आलो की नियम उलटा होतो. तेव्हा थोडं थोडं लावण्यात अर्थ नसतो. चांगल्या पानाची वाट बघत बसलं तर ते पान येईपर्यंत आपल्याकडे कुणाला भीती वाटावी एवढं शिल्लकच राहत नाही. तेव्हा बऱ्यापैकी पान आलं की सगळं लावायचं, आणि ते बरोबर असतं. हे मी त्यांना दोन-तीन वेळा समजावून सांगितलं होतं, आणि ते म्हणाले होते, "म्हंजी शेवटी माझंच खरं की."

वीस आहेत, असं म्हणता आलं असतं. वीस असताना थांबता येतं. पण ते माझ्याकडे बघत होते, टॅबकडे नाही.

"आठ," मी म्हणाले. "नऊ असतील."

"म्हंजी?"

"म्हणजे थांबायचं नाही."

त्यांनी मान हलवली. माझ्या डोक्यावर हात ठेवला, काढला, आणि मम्मीला सांगायला गेले.

ऑपरेशन शनिवारी ठरलं. आदल्या दिवशी ॲडमिट व्हायला जाताना पप्पांनी टेबलावर आपलं नाव घालून ठेवलं आणि कॉलवर घोगऱ्या हवेतच सगळ्यांना दम दिला, माझ्यामुळं खेळ बंद ठिवायचा न्हाय. टॅब माझ्याकडे दिला. "तू खेळ माझ्या जागी."

सकाळी त्यांना आत नेलं. दुपारी ठरलेल्या वेळी टॅबवर टेबल उघडलं. मम्मी बाकावर मांडीत पर्स घेऊन बसली होती, तिचं लक्ष दारावरच्या लाल दिव्याकडे. मी पप्पांच्या जागेकडे बघत होते. मला पानं आली. बटणं आली. घड्याळ उलटं फिरायला लागलं. मला बोट लावता येईना. वेळ संपली, पानं आपोआप टाकली गेली आणि त्यांच्या जागेवर 'Away', म्हणजे गैरहजर, अशी करडी पट्टी आली.

गैरहजर माणसाला खेळ बाहेर काढत नाही. त्याची पानं वाटली जातात, टाकली जातात, आणि त्याच्या पाळीचा ब्लाइंड त्याच्या चिप्समधून आपोआप कापला जातो. असा तो हळूहळू संपतो. मी ते आधी वाचलं होतं, बघितलं नव्हतं. आता बटण दाबावं, निदान काहीतरी करावं, असं वाटत होतं, आणि मी तशीच बसून होते.

मग माझ्या लक्षात आलं की त्यांच्या चिप्स कमी होत नाहीयेत.

पप्पांची ब्लाइंडची पाळी आली की सगळे पानं टाकून देत होते. एकानंतर एक. मॅनेजर, मग बाकीचे तिघं. आणि शेवटी काका. सगळ्यांनी सोडलं की जो उरतो त्याचं टेबलावरचं सगळं, मग तो जागेवर असो-नसो. पप्पांचा ब्लाइंड त्यांच्याकडेच परत येत होता, वर दुसऱ्याचा अर्धाही. परत पाळी आली, परत तेच. व्हॉट्सॲपचा कॉल चालू होता. मी कानात इअरफोन घातला. पाच घरांतल्या पंख्यांचे आवाज येत होते फक्त. कुणी शिवी देत नव्हतं. शाळेपासून एकदाही पप्पांपुढे पान न टाकलेले काका त्यांच्या रिकाम्या जागेपुढे दर वेळी पान टाकत होते.

दिवा लवकर विझला. सांगितलेल्या वेळेच्या फार आधी. मम्मीला वाटलं लवकर झालं म्हणजे चांगलं झालं, ती उठून उभी राहिली. मी उठले नाही.

डॉक्टर टोपी काढत बाहेर आले. आत बघितलं तर ते मानेतल्या मोठ्या रक्तवाहिनीला चहूबाजूंनी चिकटलेलं होतं. स्कॅनमध्ये एवढं दिसलं नव्हतं. हात लावणं म्हणजे टेबलावरच गमावणं. श्वासासाठी गळ्यात नळी बसवली आहे, बाकी काही न करता परत शिवलं. आता केमो देऊ, म्हणाले. दर तीन आठवड्यांनी.

म्हणजे सगळं लावायला पप्पा तयार होते, आणि समोरून ते घेतलंच गेलं नाही.

त्यांना दोन दिवसांनी नीट शुद्ध आली. मम्मीने सांगितलं. ते छताकडे बघत राहिले, मग माझ्याकडे वळून बोटाने चौकोन काढला. टॅब. मी दिला. त्यांनी शनिवारचा खेळ उघडला. शेवटी दोघंच उरले होते, ते आणि काका, आणि काकांनी ब्लाइंडएवढं लावून मग पानं टाकत आपल्या सगळ्या चिप्स घालवल्या होत्या. पप्पा पहिले आले होते. आयुष्यात पहिल्यांदा.

मला वाटलं त्यांच्या डोळ्यांत पाणी येईल. त्यांची मान लाल झाली. गळ्यातल्या नळीतून शिट्टीसारखी हवा यायला लागली, नर्स धावत आली. ती गेल्यावर त्यांनी काकांना मेसेज टाइप केला, एका बोटाने, वेळ लावून. पाठवण्याआधी मला दाखवलाही नाही. मी नंतर बघितला.

'खेळायचं नव्हतं तर बसलास कशाला. मी मेलो नव्हतो.'

काकांनी तो वाचल्याच्या निळ्या खुणा दिसत होत्या. उत्तर आलं नाही.

पप्पा घरी आले. केमो सुरू झालं. आता कुणी त्यांना जायचं का असं विचारत नाही आणि तेही नाही म्हणत नाहीत. रिक्षा येते, ते बसतात. नळीमुळे आवाजाचा प्रश्नच मिटला. दूध, पेज, सगळं नाकातल्या बारीक नळीतून. मम्मी एकटीच बोलते घरात. तिला एवढं बोलता येतं हे आम्हाला माहीत नव्हतं.

पुढचे काही शनिवार टेबल लागलं नाही. मग एका शनिवारी पप्पांनी स्वतःच लावलं. कॉल जोडला गेला. सगळे आले, काकाही. मॅनेजरांनी पावसाचं काहीतरी काढलं, ते तिथेच विरलं.

पानं वाटली गेली. पप्पांकडे एक एक्का आणि एक तिरी. चाळीस ब्लाइंड समोर, भरलेले. टेबलावर दीड.

त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. बटण दाबलं. सगळे चाळीस पुढे गेले.

मॅनेजरांनी टाकलं. दुसऱ्याने टाकलं. तिसऱ्याने, चौथ्याने. काकांच्या जागेवर घड्याळ उलटं फिरत होतं. पप्पा स्क्रीनकडे बघत होते, गळ्यातल्या नळीचा आवाज वाढला होता, आणि मला कळत होतं की आता काकांनी पान टाकलं तर हा खेळ या घरात परत उघडणार नाही. घड्याळ संपत आलं.

"बघतो की," काकांचा आवाज आला. नेहमीसारखा ओरडून, पण शेवटाकडे फाटलेला. "हाय काय त्यात."

त्यांची पानं उघडी झाली. दुरी आणि सत्ती.

मग मधली पानं, पाचही, न थांबता. दुसऱ्याच पानाला सत्ती आली आणि बाकीच्या चार पानांत पप्पांसाठी काही नव्हतं. त्यांच्या जागी शून्य आलं.

"दूध मास्तरकडं!" कुणीतरी म्हणालं, आणि मग सगळे एकदम बोलायला लागले, शिव्या सुरू झाल्या, मॅनेजर काकांना म्हणाले दुरी-सत्तीवर बसणारा माणूस बँकेत असता तर बँक बुडाली असती. पप्पांचे खांदे हलत होते. मला आधी कळलं नाही. ते हसत होते. त्याला आवाज नव्हता, नळीतून नुसती हवा येत होती, तोंड उघडं, डोळे मिटलेले.

मग ते थांबले आणि मागे टेकून बसले. टेबलावर बाकीच्यांचा पुढचा डाव सुरू झाला होता. तीन पानं उघडली, खेळाने कुणालातरी विचारलं. पप्पा बघत राहिले. मला हाताने दाराकडे खूण केली, जा.

म्हशी यायला वेळ होता, तरी मी चप्पल घातली आणि कट्ट्यावर गेले.